तयार टायर की घरी चिकटवलेले, आणि शॉकअप कधी बदलावेत? सांगलीत आरसी कार पळवणाऱ्यांसाठी

१:१० ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी, रिमोटवरची बगी (मातीवर पळणारी) किंवा टूरिंग कार (डांबरावर पळणारी) घेतली, महिना-दोन महिने मनसोक्त पळवली, की पहिला खर्च दारात येऊन उभा राहतो. गाडीसोबत आलेले टायर गुळगुळीत झालेले असतात, वळणावर मागची बाजू सुटते, आणि जमवलेल्या पैशात एकतर टायरचे दोन-तीन जोड येतात नाहीतर ॲल्युमिनियमच्या शॉकअपचा सेट. शॉकअप दिसायला देखणे, निळे-लाल. बॉडी काढली की चार माणसं वाकून बघतात. टायर काय, झिजूनच जाणार. त्यामुळं बहुतेकांचा हात शॉकअपकडं जातो.

माझं मत उलटं आहे. पैसा टायरात घाला, टायर स्वतः चिकटवायला शिका, आणि शॉकअप आहेत तेच आधी नीट भरून बघा. जमिनीला फक्त टायर लागतो. त्याला पकड नसेल तर वरचा शॉकअप कितीही भारी असला तरी काम करायला त्याच्या हातात काही उरत नाही. या सल्ल्याला दोन-तीन अपवाद आहेत, ते त्या त्या जागी सांगतो.

आधी जमीन बघा

आपल्याकडं गाडी मिळेल त्या जागेवर पळते. कॉलेजचं किंवा गावचं मुरमाचं मैदान, कारखान्याच्या आवारातलं सिमेंट (परवानगी काढून), सोसायटीचं पार्किंग, ऊस तुटून गेलेल्या रानाचा रोलर फिरवलेला तुकडा. या चारही जागांना एकच टायर चालत नाही, आणि कुठलाही दुकानदार तुम्हाला हे विचारत नाही.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडं गेलात तर खाली टणक मुरूम आणि वर सुटी बारीक खडी. इथं उंच, एकमेकांपासून लांब असलेल्या पिनांचा (टायरवरच्या रबरी खुंट्यांचा) टायर लागतो. पिन वरची सुटी खडी बाजूला सारून खालच्या कठीण थराला पकडते. कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात दाबून घेतली तर सिमेंटला हार जात नाही, वर फक्त पिठासारखी धूळ असते. तिथं उंच पिन वाकतात आणि गाडी तरंगल्यासारखी चालते. बुटक्या, दाट पिनांचा टायर घ्या. तीच माती ओली झाली की प्रश्नच मिटतो, कारण टायरच्या खाचा भरून चार गोळे होतात आणि मोटर तापते. पावसाळ्यात काळ्या रानात गाडी काढूच नका. साताऱ्याचे मित्र मेढा-महाबळेश्वरच्या बाजूला जांभ्याच्या लाल मातीत पळवतात. ती माती रवाळ असते आणि मऊ रबर लवकर खाते, म्हणून तिथं एक पायरी कडक रबर परवडतं.

डांबर आणि सिमेंट यांचा हिशेबच वेगळा. बगीचे पिनांचे टायर तिथं पळवले की एक-दोन बॅटऱ्या संपेपर्यंत पिनांची टोकं गोल होतात. तिथं टूरिंग कार आणि गुळगुळीत रबर हवं. सोरेक्ससारख्या कंपनीच्या टूरिंग टायरवर २८, ३२, ३६, ४० असे आकडे असतात. आकडा मोठा तसं रबर कडक, आणि ते जास्त तापलेल्या ट्रॅकसाठी. मे महिन्याच्या दुपारी आपलं डांबर हातही लावू देत नाही, म्हणून ३६ पासून सुरुवात करा. डिसेंबरच्या सकाळी तोच टायर बर्फावर चालल्यासारखा घसरेल. तेव्हा २८ किंवा ३२.

तयार, स्वतः चिकटवलेले, की बीडलॉक

तयार टायर म्हणजे रिम, आतला फोम आणि टायर कारखान्यातच चिकटवून आलेला संच. पिशवी फोडा, १२ मिमीच्या हेक्सवर (अक्षाच्या टोकावरच्या षट्कोनी तुकड्यावर) बसवा, नट आवळा, चला. ज्याला आठवड्यातून तासभरच मिळतो किंवा ज्याचं पोर दहा वर्षांचं आहे, त्याला हे बरं. पण तीन गोष्टी खटकतात. आतला फोम बहुधा साधा, उघड्या छिद्रांचा असतो, त्यामुळं लवकर बसतो. गोंद काही वेळा इतका जपून लावलेला असतो की पहिल्याच उडीला कड सुटते; म्हणून तयार टायर आला की अंगठ्यानं कड चौफेर ओढून बघा आणि जिथं उघडेल तिथं थेंब सोडा. तिसरी गोष्ट खर्चाची. टायर झिजला की धडधाकट रिमही कचऱ्यात जाते. शिवाय रिमसकट चार चाकांचं खोकं मोठं, त्यामुळं कुरिअरही जास्त. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २० वरून ६० टक्क्यांवर नेलं, तेव्हापासून बाहेरून काही मागवायचं म्हटलं की माणूस दोनदा विचार करतो. नुसते टायर मात्र चपटे होऊन पाकिटात मावतात.

स्वतः चिकटवायचे तर टायर, फोम आणि रिम वेगवेगळे घ्यायचे. पहिल्यांदा खर्च जवळपास तेवढाच येतो, किंबहुना थोडा जास्तच, कारण गोंद आणि चांगला फोम वेगळा. फायदा दुसऱ्या फेरीपासून सुरू होतो. त्याच रिमवर नवे टायर चढतात, आणि मुरमाला एक, डांबराला दुसरा असे जोड ठेवता येतात.

बीडलॉकमध्ये गोंद नाही, स्क्रूनं आवळलेली कडी टायरची कड धरून ठेवते. खडकावर हळू चढणाऱ्या क्रॉलरसाठी ही व्यवस्था उत्तम: वजन खाली येतं ते तिथं चालतं, उलट हवंच असतं. रेससाठी मात्र नाही. फिरणाऱ्या चाकावर वजन वाढलं की गाडी वेग घ्यायला आणि थांबायला जड होते, आणि शॉकअपला ते वजन खड्ड्यात वर-खाली नाचवावं लागतं. डझनभर बारीक स्क्रू, त्यातला एक सैल झाला की चाक लंगडतं. आणखी एक सावधगिरी: पुष्कळ स्वस्त रिमवर स्क्रूची डोकी नुसती शोभेला कोरलेली असतात, टायर आत चिकटवलेलाच असतो. खरेदीआधी विचारा.

ऑनरोडच्या काही गाड्यांना रबराऐवजी फोमचेच टायर असतात, लेथसारख्या यंत्रावर गोल घासून घेतलेले. गालिच्यावर किंवा स्वच्छ ट्रॅकवर ते अफाट चालतात. आपल्या पार्किंगमधल्या एका खड्यानं त्यांचा लचका तुटतो. सोडून द्या.

चिकटवताना

हे काम अवघड नाही, पण घाई चालत नाही. नव्या टायरच्या आतल्या कडेवर साच्यातून काढतानाचा मेणचट थर असतो. तो राहिला की कुठलाही गोंद धरत नाही. कड आणि रिमची खोबण स्पिरिटनं पुसून घ्या, रिमच्या खोबणीवरून बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवा. नक्षीला दिशा असेल तर डावा-उजवा आधीच टेबलावर मांडून ठेवा. चिकटवल्यावर कळलं तर उपयोग नाही.

फोम टायरमध्ये घालून आतून बोट गोल फिरवा. कुठं दुमड असेल तर तिथंच सोडवा, नाहीतर चाक दर फेऱ्याला उडी मारेल. मग टायर रिमवर चढवून दोन्ही कडा खोबणीत बसवा. आता चाक आडवं धरा, अंगठ्यानं कड केसभर मागं ओढा, खोबण उघडी पडते. तिथं गोंदाचा एक थेंब. अंगठा सोडला की थेंब खोबणीतून दोन्हीकडं पळतो आणि ओली चकाकी दिसते. ती चकाकी जिथं थांबली तिथून पुढचा थेंब. अशी पूर्ण फेरी. सायकलच्या पंक्चर दुकानात जुनी ट्यूब फुकट मिळते. तिची दोन बोटं रुंद पट्टी कापून टायरवर रबरबँडसारखी चढवली की कड दाबून बसते. एक बाजू वाळू द्या, मग दुसरी.

गोंद कोणता? टायर ग्लू म्हणून मिळतो तो आणि किराणा दुकानातला फेविक्विक, दोन्ही सायनोॲक्रिलेटच. टायर ग्लू किंचित दाट असतो आणि त्याचं तोंड सुईसारखं बारीक, त्यामुळं थेंब हवा तिथंच पडतो. फेविक्विक पातळ, पळतो, बाजूच्या भिंतीवर सांडला तर रबर तिथं कडक होतं. चालतो, पण हात बसल्यावर. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानं सुकतो, म्हणून एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत जास्त वेळ द्या; जुलैत तो बघता बघता धरतो. सांडलेला गोंद सुती फडक्यानं पुसू नका. सुतात हा गोंद जिरला की तापतो, बोट भाजण्याइतका. डोळ्यांवर चष्मा ठेवा, खिडकी उघडी ठेवा.

झिजलेला टायर काढायचा तर टाकाऊ पातेल्यात चाकं वीस-पंचवीस मिनिटं उकळा. गोंद ठिसूळ होतो आणि गरम असतानाच, जाड हातमोजे घालून, टायर सोलून निघतो. ॲसिटोनमध्ये बुडवूनही सुटतो, पण ते नायलॉनच्या रिमसाठी. एबीएस प्लॅस्टिकची रिम ॲसिटोनमध्ये विरघळते. रिम कशाची आहे हे माहीत नसेल तर पाणीच बरं.

फोम आणि भोकं

याकडं कुणी लक्ष देत नाही आणि फरक इथंच पडतो. उघड्या छिद्रांचा फोम मऊ, स्वस्त, पण पाणी पितो आणि काही दिवसांत कायमचा दबतो. मग टायरची भिंत वळणावर कोसळते. बंद छिद्रांचा फोम महाग, पण टायरचे दोन-तीन जोड तोच चालतो. तुम्ही स्वतः चिकटवणार असाल तर पैसा इथं घाला. मुरमावर मात्र मऊ फोम सुरुवातीला जास्त पकड देतो, हे कबूल. डांबरावर बंद छिद्रांचाच.

टायरमधली हवा आत-बाहेर व्हायला भोक लागतं. बहुतेक रिमना ते आधीच पाडलेलं असतं. अडचण अशी की आपल्या बारीक धुळीत तेच भोक पंपासारखं काम करतं, माती आत ओढतं आणि चाकाचा तोल जातो. म्हणून धुळीच्या मैदानासाठी रिमची भोकं टेपनं बंद करा आणि टायरच्या मध्यरेषेवर, पिनांच्या मधे, समोरासमोर दोन छोटी भोकं पाडा. चाक फिरताना आत गेलेलं बाहेर फेकलं जातं. चामड्याला भोक पाडायचा पंच चप्पल शिवणाऱ्याकडं असतो, तो एका मिनिटात पाडून देतो. चिकटवण्याआधी न्या.

आता शॉकअप

पहिला अपवाद इथं. तुमच्या गाडीत तेलाचे शॉकअपच नसतील, नुसती स्प्रिंग आणि घर्षणावर चालणारी नळी असेल, तर तेलाचे घ्याच. तामिया कंपनीची टीटी-०२ ही टूरिंग कार, जी २०१३ पासून चालत आली आहे, तिच्या साध्या किटमध्ये असेच घर्षणाचे शॉकअप येतात. गुळगुळीत सिमेंटवर ते खपून जातात. थोडं खडबडीत आलं की गाडी उडत राहते, कारण स्प्रिंगला आवरणारं काही नसतं. तिथं प्लॅस्टिकचे तेलाचे शॉकअप घातले तरी गाडी बदलते, ॲल्युमिनियमचे लागत नाहीत.

पण तुमच्याकडं प्लॅस्टिकचे तेलाचे शॉकअप आधीच असतील तर ॲल्युमिनियम घेऊन काय मिळतं? नळी आतून जास्त गुळगुळीत, झाकणाचा आटा झिजत नाही, कॉलर (नळीवरची, स्प्रिंगला टेकलेली आट्याची कडी) फिरवून उंची हवी तेवढी मिळते. रेसमध्ये नियमित उतरणाऱ्याला हे हवं. बाकीच्यांनी आधी आहेत ते उघडावेत. दहापैकी आठ वेळा आत तेल अर्धंच असतं, ओ-रिंग (दांड्याभोवतीची, तेल अडवणारी रबरी कडी) गळत असते आणि डावा-उजवा सारखे नसतात. दोन्ही शॉकअप स्प्रिंग काढून हातात घ्या, दांडे एकदम आत दाबा, एकदम सोडा. एक भराभर बाहेर येतो आणि दुसरा रेंगाळतो? मग गाडी एका बाजूच्या वळणाला चांगली आणि दुसरीकडं वाईट चालणारच. ओ-रिंगचा जोड आणि तेलाची बाटली, एवढ्यात काम भागतं.

तेल सिलिकॉनचंच. गॅरेजमधून बाइकच्या फोर्कचं तेल मागून आणणारे आणि शिलाई मशीनचं तेल भरणारे बघितलेत. ती तेलं यासाठी फार पातळ, आणि खनिज तेलानं सिलिकॉनच्या ओ-रिंग फुगतात. बाटलीवरचा ३० किंवा ३५ हा वेटचा आकडा कंपनीगणिक थोडा हलतो, म्हणून सेंटिस्टोक्सचा (तेलाच्या दाटपणाच्या मापाचा) आकडा बघा. ३० वेट साधारण ३५०, ३५ वेट साधारण ४२५. हे माप २५ अंशांचं असतं. मेमध्ये पारा ४० च्या आसपास गेला की ३५० चं तेल २६० च्या जवळ येतं, म्हणजे पाव हिस्सा पातळ. जानेवारीत छान बसलेली गाडी उन्हाळ्यात उड्या मारू लागते ती यामुळं. उन्हाळ्यासाठी ४५० ची एक बाटली वेगळी ठेवा. नव्या शॉकअपपेक्षा हे स्वस्त आणि जास्त उपयोगाचं.

झाकणाखाली रबरी पडदा असलेले आणि पडद्याविना हवा-तेल मिसळू देणारे, असे दोन प्रकार दिसतील. पडदेवाल्यांत हवा तेलापासून वेगळी राहते, पहिल्या फेरीपासून गाडी सारखी वागते, पण पडदा नीट बसवायला हात लागतो. बिनपडद्याचे भरायला सोपे आणि उड्यांवरून उतरताना मऊ. रेसच्या आधी गाडी चार-पाच वेळा दाबून तेल मिसळून घ्यावं लागतं. नवशिक्यानं बिनपडद्याचे घ्यावेत.

आणि कॉलर. ती खाली फिरवली की स्प्रिंग कडक झाली असं निम्मं मैदान समजतं. स्प्रिंग तीच राहते, गाडीची उंची वाढते. कडक हवी असेल तर दुसरी स्प्रिंग घाला, किंवा शॉकअपचं वरचं टोक बाहेरच्या भोकात नेऊन तो उभा करा.

मुरूम आणि डांबर, शेजारी शेजारी

खालचे आकडे सुरुवातीचे आहेत. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळं असेल तर आधी पुस्तक.

| | १:१० बगी, मुरूम | १:१० टूरिंग, डांबर-सिमेंट |
|---|---|---|
| उंची (जमिनीपासून चॅसिसच्या तळापर्यंत) | २४ ते २६ मिमी | ट्रॅकवर ५.५ मिमी, पार्किंगमध्ये ७ किंवा जास्त |
| कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) | उणे १ अंश | उणे १.५ ते २ अंश |
| मागचा टो-इन (मागच्या चाकांची पुढची बाजू आत वळणं) | ३ अंश | २ ते ३ अंश |
| तेल (सेंटिस्टोक्स) | ३५० ते ४२५ | ३५० ते ४५० |
| अँटीरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारी आडवी तार) | काढून ठेवा किंवा सर्वांत बारीक | लावा |
| चाक खाली लोंबण्याची मुभा | भरपूर | थोडी |

उंची मोजायची तर बॅटरीसकट गाडी वीतभर उंचीवरून सपाट टेबलावर सोडा आणि ती स्वतः बसेल तिथं मोजा. हातानं दाबून मोजलेली उंची खोटी असते. कॅम्बर गेज नसेल तर कंपास पेटीतला गुण्या चाकाला लावला तरी डोळ्यांना कळतं. मग चॅसिसच्या पुढच्या टोकाखाली, बरोबर मध्यावर, स्क्रूड्रायव्हरचं टोक धरून गाडी हळूहळू उचला. दोन्ही चाकं एकाच वेळी जमीन सोडत नसतील तर गाडी पिळलेली आहे. डावी-उजवी कॉलर सारखी करूनही पीळ गेला नाही तर चॅसिसचे स्क्रू सैल करून सपाट फरशीवर पुन्हा आवळा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळं फरक पडला ते कळत नाही.

मग कुणी काय घ्यावं

रविवारचा तास आणि पोराची बगी: तयार टायर, कड तपासून, आणि ३५० च्या तेलाची बाटली. वर्षभर यापुढं जायची गरज नाही.

मुरमावर मित्रांबरोबर चुरशीनं पळवणारा: रिमचे दोन जोड, बंद छिद्रांचा फोम, टायर आणि टायर ग्लू. शॉकअप तेच, ओ-रिंग नव्या. ॲल्युमिनियमचा विषय प्लॅस्टिकच्या झाकणाचा आटा खरंच गेला तेव्हा काढा. हा दुसरा अपवाद.

पार्किंगमध्ये घर्षणाच्या शॉकअपवाली टूरिंग कार: इथं दोन्हींत विभागा. प्लॅस्टिकचे तेलाचे शॉकअप आणि ३६ चे टायर.

पुणे किंवा बंगळूरला रेसला जायचा विचार असेल तर तिथल्या ट्रॅकवर कोणता टायर चालतो आणि आयोजक कोणता सक्तीचा करतात हे आधी विचारून मगच ऑर्डर द्या. बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना एकच टायर ठरवून दिलेला असतो. अशा वेळी फरक उरतो तो चिकटवण्यात आणि शॉकअपमध्ये. तिथं ॲल्युमिनियमच्या शॉकअपचे पैसे सार्थकी लागतात.

टू-व्हील ड्राइव्ह बगी असेल तर ऑर्डर देताना मागच्या टायरचे दोन जोड आणि पुढच्याचा एक मागवा. जोर सगळा मागं असतो, पुढचे टायर त्या मानानं फार हळू झिजतात. मिळाले की शनिवारी संध्याकाळी चिकटवून टाका, रविवारी सकाळी कड ओढून बघा आणि मगच नट आवळा.